अखंड नोंद

"तातोबा गुरवांचं हृदय रोज सकाळी बिघडतं आणि न्याहारीच्या वेळेपर्यंत दुरुस्त होतं," डॉक्टर अत्तार म्हणाले. "असं हृदय मी आजवर पाहिलेलं नाही. तुम्ही पाहिलंय?"

"मी हृदयं पाहत नाही, सर. आलेख पाहते."

"बरं. मग तुमचा आलेख काय म्हणतो?"

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. मिरजेच्या त्या छोट्या खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि टेबलावर त्यांचा डबा उघडा पडला होता. त्यांना जेवायलाही सुचत नव्हतं, कारण सोमवारपासून तातोबांना औषध सुरू करायचं की नाही, हे त्यांना त्या दिवशी ठरवायचं होतं.

तेव्हा ती घड्याळं नवीन होती. मनगटाला टेकणाऱ्या बाजूला एक हिरवा दिवा असायचा. त्याचा प्रकाश कातडीतून आत जायचा, रक्तात थोडा शोषला जायचा आणि उरलेला परत यायचा. प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातलं रक्त वाढतं, तसा परतणारा प्रकाश कमी होतो. त्यावरून ठोका केव्हा पडला ते कळायचं, आणि मला हवं असायचं ते दोन ठोक्यांमधलं अंतर. निरोगी हृदयात हे अंतर घड्याळाच्या टिकटिकीसारखं एकसारखं नसतं. श्वास आत घेतला की थोडं कमी होतं, सोडला की थोडं वाढतं, आणि त्या चढउताराला एक लय असते. आमचा प्रकल्प त्या चढउतारावरच होता. कोयनेच्या खोऱ्यातल्या ज्या गावांत साधा कार्डिओग्रामही निघत नव्हता, तिथल्या म्हाताऱ्या माणसांची हृदयं आम्ही मिरजेत बसून ऐकत होतो.

तातोबांच्या हृदयाला दिवसभर ती लय होती. झोपेत तर ते पाठ्यपुस्तकात छापावं असं चालायचं. पण रोज सकाळी, देवपूजेच्या वेळी, एकाएकी सगळं विस्कटायचं. एक अंतर आखूड, पुढचं लांब, मग तीन आखूड, कशाचा कशाला मेळ नाही. तासाभरानं पुन्हा सगळं सरळ. सोमवारी हा गोंधळ जास्त वेळ चालायचा.

"सोमवारी उपास असेल," डॉक्टर म्हणाले.

"गुरव आहेत. महादेवाचं देऊळ आहे. सोमवारी पूजा मोठी असते."

"हातांच्या हालचालीचा घोटाळा नाही ना? घंटा वाजवतात, गंध उगाळतात."

"तीच शंका मला आधी आली होती. पण घड्याळात हालचाल मोजायची सोय आहे. त्या वेळी हात अगदी शांत असतो. लहरींचा आकारही स्वच्छ आहे. हे खरे ठोके आहेत, सर."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरू लागले की ठोके असे पडतात. मग रक्त कप्प्यात साचतं, त्याची गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की माणसाची एक बाजू जाते. त्यावर रक्त पातळ करणारं औषध असतं. पण दोनच वर्षांपूर्वी तातोबांना पोटातल्या व्रणामुळे रक्ताची उलटी झाली होती, आणि ते जेमतेम वाचले होते. त्यांना असं औषध देणं म्हणजे बुजत आलेली जखम पुन्हा उघडण्यासारखं होतं.

"दिलं तर पोटातून जाईल, नाही दिलं तर डोक्यातून," डॉक्टर म्हणाले. "आणि इथे बोलावून दोनदा कार्डिओग्राम काढला, तर दोन्ही वेळा उत्तम. दुपारी आला होता ना म्हातारा. सकाळी तो देवाला सोडत नाही." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तुम्ही जा. छातीला लावायचं यंत्र घेऊन जा आणि बिघडलेलं असताना पकडा. कागदावर दिसलं तर औषध देईन. नाही दिसलं तर..."

"तर?"

"तर तुमच्या हिरव्या दिव्याला दोष देईन."

त्या संध्याकाळी मी गावात पोहोचले आणि आशा कार्यकर्ती शालन हिच्या घरी मुक्काम केला. खोऱ्यातली आमची घड्याळं तिनंच वाटली होती. बोलायला फटकळ, पण कोणाच्या घरात कोण काय खातं हे तिला पाठ होतं.

"तातोबा म्हंजी लई कडक," ती भाकरी थापत म्हणाली. "मागं आमदार आलं तर त्यास्नी पायरीवर थांबवलं. म्हणलं, देवाचं झाल्याबिगर मी बोलत न्हाई. आमदार बसलं की मुकाट. तुमी तर काय, नुसत्या म्याडम."

"मला त्यांच्या छातीला तीन पट्ट्या चिकटवायच्या आहेत."

"गाभाऱ्यात?" शालन हसायला लागली. "चिकटवा. मी लांबनं बगते."

सकाळी आम्ही देवळात गेलो तेव्हा पूजा सुरू झाली होती. देऊळ लहान, काळ्या दगडाचं, आणि समोरच्या चिंचोळ्या अंगणापलीकडे गुरवांचं कौलारू घर. तातोबा ओलेत्यानं गाभाऱ्यात होते. उंबऱ्याशी आमची चाहूल लागताच त्यांनी मान वळवली, मला ओळखल्यासारखी भुवई उंचावली आणि पुन्हा पिंडीकडे वळले. बोलणं शक्यच नव्हतं. यंत्राची पिशवी मांडीवर घेऊन मी सभामंडपात खांबाला टेकून बसले.

मंडपात मोबाईलला रेंज होती. घड्याळ घरातल्या फोनशी बोलायचं, तो फोन मिरजेशी, आणि मिरजेतून ते माझ्या फोनवर दिसायचं. थोडं उशिरा, पण दिसायचं. मी तातोबांची नोंद उघडली.

ठोके विस्कटायला सुरुवात झाली होती.

माझ्या तळहातावर त्यांचं हृदय अडखळत होतं आणि चार हातांवर ते स्वतः पिंडीवर पाणी घालत होते. चेहऱ्यावर ताण नाही, श्वास जड नाही, तोंडात मंत्र. मी फोनकडे बघायचे, मग त्यांच्याकडे. एक लांब अंतर आलं, मग दोन आखूड. मला उठून त्यांना खाली बसवावंसं वाटलं. पुन्हा एक लांब. त्यांनी तांब्या ठेवला, बेलाची परडी उचलली, सहाणेवर खोड फिरवायला लागले.

तेव्हा मी हालचालीची रेघ पाहिली. ती सरळ होती. मिरजेत बसून तीच सरळ रेघ मी डॉक्टरांना पुरावा म्हणून दाखवली होती. आता समोर माणूस जोर लावून गंध उगाळत होता आणि रेघ सांगत होती की हात मांडीवर पडून आहे.

आरतीसाठी तातोबांनी घंटेला हात घातला. हात वर गेला आणि मनगटावर मला फक्त पाण्याचे थेंब दिसले. मी दुसऱ्या हाताकडे पाहिलं. त्यातही काही नव्हतं.

"शालनताई," मी हळू आवाजात विचारलं, "त्यांचं घड्याळ कुठे आहे?"

"असंल घरात. गाभाऱ्यात कसं चालंल? रबराचा पट्टा हाय त्येला."

"काढून ठेवतात?"

"मग? अंगावर धोतराबिगर काय न्हेत न्हाईत ते."

मी फोनकडे पाहिलं. ठोके पडतच होते.

घड्याळ काढून ठेवलं की नोंद थांबते. कोनाड्यात ठेवलेल्या घड्याळात ठोके पडत नाहीत. मी पिशवी उचलली आणि अंगण ओलांडून घराकडे निघाले. शालन माझ्या मागे चपला शोधत राहिली.

ओसरीवर भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती. अंगानं वाळलेली, लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतलेला. तिचा डावा हात मांडीवरच्या घोंगडीच्या घडीवर, एखादं आजारी पाखरू ठेवावं तसा अलगद ठेवलेला होता. मनगटावर आमचं घड्याळ होतं. पट्टा ढिला होऊ नये म्हणून वरून चिंधी गुंडाळलेली, आणि चिंधीच्या कडेनं हिरवा उजेड झिरपत होता.

"कोण, शालन?" ती म्हणाली. "बस. मला काय आत्ता उठता यायचं न्हाई. देव व्हायचाय अजून."

"हौसामावशी, ह्या मिरजेच्या म्याडम."

"बसा बाई. च्या ठेवते, पर जरा दमानं. हात हालवला की ह्यातलं बिघडतंय म्हणत्यात."

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. "मावशी, हे घड्याळ तुमच्या हातात कसं?"

"मग कुठं ठिवू?" तिला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "त्यास्नी आत चालत न्हाई. आन् तुमीच सांगितलंय न्हवं, अखंड राह्यलं पायजे, मधी खंड पडला तर उपयोग न्हाई. ह्याच वसरीवर उभ्या राहून सांगितलंत."

मी सांगितलं होतं. नोंद अखंड राहिली पाहिजे, हेच माझे शब्द होते.

"आंगुळीला जाताना काढत्यात आन् माझ्या हाताला बांधत्यात," हौसाबाई सांगू लागल्या. "देवाम्होरच्या दिव्याचं तसंच हाय. ते परगावी गेलं की मी तेल घालते. अखंड म्हंजी इझला न्हाई पायजे. तेल कुणाच्या हातचं, कोण इचारतंय?"

शालननं पदर तोंडाला लावला. तिला हसू येत होतं की रडू, मला कळलं नाही. मी मात्र हसले नाही, कारण त्या मनगटावरचा दिवा लुकलुकत होता आणि माझ्या फोनवर ते ठोके येतच होते.

"मावशी, तुम्हाला छातीत काही होतं का?"

"मला? मला काय धाड भरलीया. दुखणं त्यांचं हाय." मग म्हणाल्या, "पाखरू फडफडल्यावानी होतंय कवाकवा. पित्त हाय ते."

"किती दिवस झाले?"

"दिस कोण मोजतंय. चढण चढली की दम लागतोय. पाणी आणायला मधी दोनदा बसते. वय झालं." मग घड्याळाकडे बोट दाखवून हसल्या. "ह्ये आल्यापासून बरं झालंय बगा. देवाचं हुईस्तवर बसायचं, काम करायचं न्हाई. जल्मात पयल्यांदा सकाळी बसाय मिळतंय. म्हणलं, राहू दे बांधलेलं."

शालन म्हणाली, "आन् म्या इचारलं तवा का न्हाई सांगितलं दम लागतोय म्हणून? घरोघर इचारत हिंडते मी."

"तू गरवार बाया इचारतीस. मी गरवार हाय व्हय?"

मी पिशवी उघडली आणि पट्ट्या काढल्या. हौसाबाई मागे सरकल्या. माझं कशाला, ते येतीलच आत्ता, त्यांचं काढा, असं त्यांचं चाललं होतं. शालननं त्यांना हाताला धरून आत नेलं, दरवाजा लावून घेतला आणि त्यांच्या पाठीमागे बसून पदर धरला. "गप बसा मावशी. पोरीवानी काय लाजताय."

यंत्रातून कागदाची छोटी पट्टी बाहेर येऊ लागली. मी डॉक्टर नव्हते, पण एवढं वाचायला डॉक्टर असावं लागत नाही. टोकदार रेघा विखुरल्यासारख्या उभ्या होत्या, आणि दोन रेघांमध्ये, जिथे एक छोटा नीटस उंचवटा असायला हवा, तिथे नुसती थरथर होती.

दारावर थाप पडली. तातोबा आले होते, हातात प्रसादाची वाटी. ते आधी माझ्याकडे, मग यंत्राकडे, मग बायकोकडे पाहत राहिले.

"माझं काढायचं सोडून हिचं काय काढताय?"

"तुमचंही काढते. बसा."

ते बसले. अंगणातल्या उन्हानं अंग अजून पुरतं वाळलं नव्हतं. पंच्यानं छाती पुसून मी पट्ट्या लावल्या. रेघा उमटल्या, एकीमागे एक, प्रत्येकीआधी तो छोटा उंचवटा, श्वासाबरोबर किंचित जवळ येणारी, किंचित लांब जाणारी अंतरं. मी पुरेसा वेळ चालू ठेवलं. एकही ठोका चुकला नाही.

"तातोबा, तुमचं हृदय उत्तम आहे," मी म्हणाले. "तुम्हाला ते औषध लागणार नाही."

त्यांनी डोळे मिटले. पोटावर हात ठेवला आणि तसेच राहिले. गेला महिनाभर हा माणूस दोन मरणांमधलं एक निवडायला सांगितल्यासारखा जगत होता, हे मला त्यांच्या खांद्यांकडे बघून कळलं. ते खांदे आता सैल झाले.

"महादेवा," ते हलकेच म्हणाले. मग डोळे उघडले. "मंग सकाळचं ते वाकडं हुतं, ते कुणाचं?"

हौसाबाईंनी आपल्या मनगटाकडे पाहिलं.

मी अंगणात जाऊन डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे आपण महिनाभर या बाईंचं हृदय तपासत होतो," ते म्हणाले. "आणि त्यांना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं."

"हो."

"घेऊन या. आजच. उद्या नको. गुठळी झालेली असली तर एक दिवससुद्धा फार असतो."

जीप दारात आली तेव्हा हौसाबाई दिव्याचा विषय काढून बसल्या होत्या. मी बी जाणार, तुमी बी येणार, मग संध्याकाळी देवाजवळ कोण? लग्न होऊन आल्यापासून दोघं एकदम गाव सोडून कधी गेले नव्हते. एक गेला की दुसरा राहायचा.

"मी एकटी जाते शालनसंगं," त्या म्हणाल्या.

तातोबा सदरा घालत होते. बटणं वरखाली लागली होती. "शालन ऱ्हाईल. दिव्यात तेल ती घालंल."

"ती गुरवाची हाय व्हय?"

"तेल कुणाच्या हातचं, कोण इचारतंय," तातोबा म्हणाले, आणि जीपमध्ये चढले.

वाटेत हौसाबाईंना घाटात उलटीसारखं झालं. तातोबा प्रत्येक वळणावर मला विचारत होते, किती राहिलं. मी सांगत होते. मधेच त्यांनी विचारलं, "म्याडम, माझ्या नावानं तपासलं म्हणून हिला काय कमी-जास्त तर हुणार न्हाई ना?" मी म्हटलं, नाही. प्रकाशाला नाव कळत नाही.

मिरजेत डॉक्टर अत्तार दारातच उभे होते. त्यांनी हौसाबाईंना 'आई' म्हणून हाक मारली आणि टू-डी एकोच्या खोलीत नेलं. आतल्या अंधाऱ्या खोलीत मीही होते. पडद्यावर हौसाबाईंचं हृदय उघडझाप करत होतं. डॉक्टरांनी एक झडप दाखवली, लहानपणीच्या कसल्याशा तापानं आखडलेली. मग डावा वरचा कप्पा. तो फुगला होता. मला समजलं की ते आता कोपरे शोधतायत. ते एका बाजूनं पाहायचे, मग तोच कोपरा दुसऱ्या बाजूनं. त्यांचं कपाळ पडद्याच्या उजेडात चमकत होतं.

"आई, श्वास सोडा. धरून ठेवा. हां."

पुन्हा तोच कोपरा.

मग त्यांनी हात खाली घेतला आणि खुर्चीत मागे टेकले. "इथून तरी स्वच्छ दिसतोय," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "गुठळी नाही. मी धरूनच चाललो होतो की असेल. उद्या घशातून नळी घालून जवळून खात्री करू, पण नसावीच." एवढं बोलून त्यांनी दिवा लावला. "आई, भूक लागली का?"

"सकाळपास्नं प्रसादबी न्हाई खाल्ला," हौसाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी खात्री झाली. हौसाबाईंचं पोट निरोगी होतं, त्यामुळे त्यांना ते औषध देताना डॉक्टरांचा हात अडखळला नाही. झडपेचं पुढे पाहता येणार होतं, सवडीनं.

औषधांच्या खिडकीसमोर रांग होती. मी चिठ्ठी देऊन परत आले तेव्हा दोघं बाकावर बसली होती. घड्याळ आता माझ्या पिशवीत होतं. तातोबांनी मला विचारलं, "ते नसताना कसं कळतंय? हातानं?"

मी त्यांची तीन बोटं धरून हौसाबाईंच्या मनगटावर, अंगठ्याच्या खालच्या बाजूला टेकवली. "दाबू नका. नुसती ठेवा."

ते मान तिरकी करून बसले, देवळात गाऱ्हाणं ऐकताना बसत असावेत तसे. समोरून माणसं जात-येत होती. हौसाबाईंनी पदर पुढे ओढला.

"सोडा. लोक बगत्यात."

"बगू दे."

"गावतंय का काय?"

"गावतंय," तातोबा म्हणाले. "भजनात पखवाजवाला पिऊन बसला की वाजवतोय न्हवं, तसं."

हौसाबाईंना हसू फुटलं. हसताना त्यांना दम लागला, तरी त्या हसत राहिल्या. "मग तुमी टाळ धरा. तुमच्या टाळावर येईल तो ताळ्यावर."

खिडकीतून त्यांच्या नावाचा पुकारा झाला. हौसाबाई तातोबा गुरव. दोघांपैकी कोणीच उठलं नाही, म्हणून औषध घ्यायला मी गेले.